तार किती लांबेल?

"शिक्षकी आयुष्यातल्या गोड आठवणी लिहून द्या, मॅडम," असा या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुपारची जरा आडवी झाले होते. गोड! मी आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला उदाहरणं शिकवली. गणिताची नव्हेत, ती वेगळ्या मॅडमकडे. माझ्याकडे फिजिक्सची, केमिस्ट्रीची आणि मटेरियल सायन्सची, म्हणजे लोखंड, तांबं, रबर ही मंडळी ओढल्यावर, ठोकल्यावर, तापवल्यावर कशी वागतात त्या शास्त्राची. त्यात गोड काय असणार, माझं कपाळ? तसं मी म्हटलंसुद्धा. "मग तिखट लिहा," ते म्हणाले. तिखट हवं असेल तर माझ्याकडे पोतंभर आहे.

आमचं कॉलेज वर्ध्याहून सेलूकडे जाताना लागतं. तीन मजले, पुढं गेट, मागं सोयाबीन. मी सिंदी मेघेहून स्कूटीवर जायची. मुलं यायची ती सेलू, समुद्रपूर, हिंगणघाटकडची. कुणाचा बाप शेतकरी, कुणाचा शिक्षक, कुणाचा कचेरीत बाबू. दहावी झालेली, मिसरूड न फुटलेली पोरं. कुणाला मामानं सांगितलेलं असायचं की डिप्लोमा कर, नोकरी लागते. कुणाला बारावी सायन्सची भीती. फिजिक्स आवडतं म्हणून आलेला एकही इसम मी पाहिला नाही. आणि या सगळ्यांच्या मानगुटीवर पहिल्याच वर्षी आमचा विषय. तो सुटला नाही तर पुढं यंत्रं असोत की इमारती, कशालाच हात लावता येत नाही. त्यामुळे पोरं माझ्याकडे बघायची ती टोलनाक्याकडे बघावं तशी.

आता उदाहरण कसं तयार होतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की हे आकडे कुठून तरी मोजून आणलेले असतात. अजिबात नाही. उदाहरण रचणारा आधी उत्तर ठरवतो. उत्तर सुटसुटीत हवं, दोन, पाच, दहा असं. मग उलटं मागं जाऊन आकडे बसवायचे. गुरुत्वाकर्षणाचा आकडा नऊ पूर्णांक आठ असतो, पण भागाकार किचकट होतो म्हणून दहा धरायचा. घर्षण नाही असे समजा. हवेचा विरोध नाही असे समजा. दोरीला वजन नाही असे समजा. सगळी उष्णता पाण्यालाच मिळते असे समजा. "असे समजा" या दोन शब्दांवर आमचं दुकान चालतं. त्यात वावगं काही नाही. काही सोडल्याशिवाय काही मोजताच येत नाही. फक्त काय सोडलं ते डोक्यात ठेवावं लागतं. ते डोक्यात कोण ठेवतो? कुणीच नाही. मी घसा कोरडा करकरून सांगितलं, कुणीच नाही!

एकदा एका पोराचं इलेक्ट्रॉनचं वजन नऊ किलो आलं. दहाच्या डोक्यावरचा उणे एकतीस तो विसरला, बस. मी म्हटलं, "अरे बाबू, नऊ किलोचा इलेक्ट्रॉन? उचलायला हमाल लावायचा का?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, नऊ बरोबर हाये ना पन?" नऊ बरोबर होता.

दुसरा हीटरवाला. दोन हजार वॉटचा हीटर, बादलीभर पाणी, आंघोळीपुरतं तापायला किती वेळ लागेल? उत्तर वीसेक मिनिटं यायला हवं. त्याचं आलं सव्वा सेकंद. कुठं तरी हजारानं गुणायचं राहिलं होतं. चूक होते, मी काही चुकीवर चिडत नाही. मी विचारलं, "तुझ्या घरी हीटर आहे का रे?"

"हाये ना मॅडम."

"बादली तापायला किती वेळ लागतो?"

"अर्धा घंटा तं जातेच."

"मग हे सव्वा सेकंद काय लिहिलं आहेस?"

त्यानं माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "मॅडम, तो घरचा हीटर हाये. हा पेपरातला हाये."

मी खुर्चीत बसले. पाणी मागवून प्यायले. असं उत्तर मी वर्गावर्गांतून ऐकलं, शब्द वेगळे असायचे एवढंच. पेपरातलं पाणी वेगळं, पेपरातली गाडी वेगळी, पेपरातला दगड वेगळा. त्या दुनियेत काहीही होऊ शकतं, आणि आपलं काम फक्त सूत्र शोधून आकडे घालायचं.

आणि बोगदा पद्धत! हे नाव माझं. पुस्तकाच्या मागं उत्तरं छापलेली असतात. पोरगा वरून दोन ओळी बरोबर लिहितो. मग मागचं उत्तर पाहून खालून दोन ओळी वर चढतो. दोन्हीकडून खणत खणत मध्ये येतो आणि तिथं बोगदा काही जुळत नाही. मग तो मध्ये लिहितो, "म्हणून". नुसतं "म्हणून". वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी सात जन्मांचा संबंध नसतो, पण "म्हणून" ठामपणे उभा असतो. गठ्ठा तपासताना मी लाल पेनानं त्या "म्हणून"भोवती गोल काढायची आणि विचारायची, "का म्हणून?" त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

केमिस्ट्रीच्या प्रयोगाचं तर विचारूच नका. टायट्रेशन म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंग बदलला की थांबून आकडा लिहायचा. गेल्या वर्षीच्या पोरांचा आकडा नऊ पूर्णांक आठ होता, म्हणून यंदाच्या पोरांचाही नऊ पूर्णांक आठ. एकदा मी खवळून फ्लास्कमध्ये नुसतं नळाचं पाणी ठेवलं. वर्गाचा आकडा आला नऊ पूर्णांक आठ. एकालाही रंग बदलला नाही याचं नवल वाटलं नाही. उलट एकजण म्हणाला, "मॅडम, आमचं लवकर झालं, जाऊ का?"

मग मी म्हटलं, आपणच उदाहरणं जवळची करू. परदेशी मनोऱ्यावरून दगड टाकण्यापेक्षा आपली गिरडची टेकडी काय वाईट? साठ किलोचा माणूस पायथ्यापासून दर्ग्यापर्यंत चढला तर त्यानं किती कार्य केलं? वर्गात एकदम जिवंतपणा आला. मला धन्य वाटलं. मागच्या बाकावरून हात वर झाला. "मॅडम, चपला पायथ्याशी काढाच्या का वर नेऊन?" दुसरा म्हणाला, "अन् नारळ धरून साठ किलो का नारळ सोडून?" अर्धा तास त्यात गेला. उदाहरण कुणीच सोडवलं नाही.

तर अशा या जत्रेत रेणुका आली.

मेकॅनिकलच्या वर्गात मोजक्या मुली असतात, त्यातली ही एक. बारीक, सावळी, वेणी घट्ट, आणि भुवया कायम जवळ आलेल्या, जणू समोरचा माणूस काही तरी लपवतो आहे. वडील तहसील कचेरीत बाबू, राहायला आमच्याच सिंदी मेघेत. ती पुढच्या बाकावर बसायची आणि वहीत फारसं लिहायची नाही.

वर्गचाचणीत मी नेहमीचं उदाहरण दिलं होतं. पुस्तकात छापलेलं, जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं. दोन मीटर लांबीच्या पोलादी तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर आहे. तिला दोनशे किलो वजन टांगलं तर तिची लांबी किती वाढेल? सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं बरोबर दोन सेंटिमीटर. बघा, कसं सुटसुटीत! अख्ख्या वर्गानं लिहिलं दोन सेंटिमीटर. रेणुकानं लिहिलं होतं, "तार तुटेल. लांबी सांगता येत नाही." आणि खाली एक चित्र. गच्चीवरची कपड्यांची तार, त्यावर दोन गोधड्या, आणि तार मधोमध तुटलेली.

यात काय आहे ते सांगते. पायजम्याचं इलास्टिक थोडं ताणलं तर सोडल्यावर परत येतं. खूप ताणलं तर सैल होऊन बसतं, परत येत नाही. आणखी ताणलं की तुटतं. पोलादाचंही तसंच, फक्त त्याचं ताणणं डोळ्यांना दिसत नाही. ते लांबीचं सूत्र फक्त पहिल्या टप्प्यापुरतं खरं असतं, ताण सोडल्यावर परत येण्याच्या टप्प्यापुरतं. सुतळीएवढ्या साध्या पोलादी तारेला चाळीसेक किलो टांगले की तिचा जीव जातो. दोनशे किलोला ती दोन सेंटिमीटर लांबायला जिवंतच नसते. उदाहरण रचणाऱ्यानं उत्तर नीट यावं म्हणून वजन वाढवलं आणि तारेचा विचारच केला नाही. आणि ते उदाहरण आम्ही सगळे मान खाली घालून वर्षानुवर्षं सोडवत होतो.

मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. वर्गात तिचा पेपर वाचून दाखवला. आनंदानं माझा आवाज चढला होता, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. "कसं सुचलं गं तुला?" मी विचारलं.

"मॅडम, आमच्या गच्चीवरची तार आईनं दोन ओल्या गोधड्या टाकल्या अन् तुटली. आनिक लॅबमधे तुमी दाखोलं होतं ना, तो रॉड मशीनमधे ओढला तं कमरेत बारीक झाला अन् फाडकन तुटला. त्याले तं सूत्र मालूम नोतं."

मी त्या दिवशी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "आज एक माणूस भेटला." हे पेपर वाचत होते. "पुरुष?" त्यांनी विचारलं. जाऊ द्या.

पण वर्गचाचणी माझ्या हातात असते, बोर्डाचा पेपर नसतो. तो गठ्ठ्यात बांधून दुसऱ्या गावी जातो. तिथं कुणीतरी अनोळखी मास्तर घामाघूम होऊन समोर आदर्श उत्तर ठेवून तपासतो. सूत्राला एक मार्क, आकडे घालण्याला एक, उत्तराला एक, पुढं एकक लिहिलं तर अर्धा. "तार तुटेल" याला आदर्श उत्तरात जागा नाही. रेणुकानं बोर्डाच्या पेपरातही तसंच लिहिलं. तारेबद्दल लिहिलं, बर्फाबद्दल लिहिलं, दगडाबद्दल लिहिलं. नापास झाली. सहा महिन्यांनी परत बसली, परत तसंच, परत नापास. बाकीच्या विषयांत मुलगी पहिल्या पाचांत! आमच्याकडे नियम असा की पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला तर दुसऱ्या वर्षाला जाऊ देतात, पण तो सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाची दारं उघडत नाहीत. उन्हाळ्यातली परीक्षा ही तिची शेवटची संधी होती. ती गेली की वर्ष गेलं.

एका रविवारी तिचे वडील माझ्या दाराशी उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, आणि मागं रेणुका भुवया जवळ आणून.

"मॅडम, राग नोका धरू, पन तुमीच लाडावली हिले," ते बसताबसताच म्हणाले. "तुमी वर्गात वाचून दाखोलं. आता हे सगळीकडं तेच लिवते. मी म्हनतो, बाई, जे इचारलं तेच लिव. सरकारी कामात मी काय माझ्या मनचं लिवतो का? वरून जे इचारलं त्याचंच उत्तर देतो. सतरा वेळा सांगून राह्यलो, आयकतच नाई."

"बाबा, थे तार तुटते," रेणुका म्हणाली.

"तुटू दे ना! तुह्या घरची हाये का?" ते तिच्यावर उखडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, यंदा नाई निंघाली तं मी काढून घेतो हिचं नाव. बी.ए.ले टाकतो. वर्षभर पोरगी घरी बसली का मंग लोकं इचारतेत, सोयरिकी येतेत. मले थे नोको हाये, तिलेबी नोको हाये. पन माह्या हातात काय हाये?"

माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते. रेणुका खिडकीबाहेर बघत होती. तिला मशीन हवं होतं, रॉड ओढून तोडायचे होते. बी.ए. तिला कशाला हवं होतं? मी म्हटलं, "उद्यापासून सकाळी पाठवा. मी बसवते."

त्या मे महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर जो काही तमाशा झाला, तो मी विसरणार नाही. बाहेर ऊन भाजत होतं, कूलर घरघरत होता आणि आम्ही दोघी भांडत होतो.

"एक किलो बर्फ घेतला. भांडं बाहेरून उष्णता घेत नाही असे समजा," मी वाचायची.

"वर्ध्यात? मे महिन्यात?"

"समज गं!"

"दगड पाचशे मीटर उंचीवरून सोडला," मी पुढचं वाचायची.

"कोन्त्या उंचीवरून मॅडम? इथं पानीटाकीच्या वर काई हाये का?"

"रेणुका!"

आतल्या खोलीतून आमचे हे म्हणाले, "तिचं बरोबर आहे." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला पास नाही व्हायचं."

एक दिवस मात्र मी पेन खाली ठेवलं आणि तिला नीट समजावलं. म्हटलं, बघ, दगडाच्या उदाहरणात हवा सोडून दिली तर उत्तर जरासं चुकतं. तेवढी चूक आपण जाणूनबुजून पत्करतो, कारण त्यामुळे बाकीचं समजतं. ती लबाडी नाही, तो रस्ता आहे. पण तारेच्या उदाहरणात तार तुटते हे सोडून दिलं तर जरासं चुकत नाही, सगळंच चुकतं. तो रस्ता नाही, ती रचणाऱ्याची घोडचूक आहे.

तिनं लक्ष देऊन ऐकलं. तिच्या भुवया पहिल्यांदा दूर झाल्या. "म्हंजे हवा सोडली तं थोडं चुकते, तार सोडली तं पूर्णच चुकते."

"बरोबर!"

"मंग दोन्हीले सारखेच मार्क काऊन देतेत?"

मी उठून दोघींसाठी कैरीचं पन्हं केलं.

पन्हं पिऊन ती म्हणाली, "मॅडम, मी असं करू का? सूत्रानं उत्तर काढतो, दोन सेंटिमीटर लिवतो. अन् खाली एक ओळ टाकतो, का इतक्या वजनानं तार तुटन."

किती शहाणी सूचना होती! मी स्वतः तपासनीस म्हणून गेलेली आहे. तिथलं मला ठाऊक होतं. तिथं गठ्ठ्यावर गठ्ठे येतात, पंखा गरम हवा फेकतो, संध्याकाळची गाडी गाठायची असते. वर दोन सेंटिमीटर आणि खाली तुटेल, असं पाहिलं की तपासनीस गोंधळतो. एखादा भला असेल तर पूर्ण मार्क देईल. एखादा म्हणेल, हिचं स्वतःचंच ठरत नाही, आणि काट मारेल. माझ्या शेजारी बसलेल्या एकानं अशी काट मारलेली मी पाहिली आहे. त्याच्याशी वाद घातला तर तो म्हणाला, "मॅडम, आदर्श उत्तरात आहे का ते दाखवा." नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "नको. खाली काही लिहू नको. जेवढं विचारलं तेवढंच लिही. सूत्र, आकडे, उत्तर, एकक, आणि पुढच्या प्रश्नाकडे चल."

"तुटते हे मालूम असूनबी?"

"हो. मनात ठेव. पास झाल्यावर जगाला ओरडून सांग."

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रश्न विचारणं बंद केलं. मी उदाहरण वाचायची, ती सोडवायची. भराभर, एकही खाडाखोड नाही. बर्फ, दगड, तार, हीटर, सगळं. मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगते. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

परीक्षेच्या दिवशी ती पेपर देऊन सरळ माझ्याकडे आली. मी दारातच विचारलं, "कसा गेला?"

"चांगला गेला. तार आली होती."

"आली? किती वजन?"

"तीनशे किलो. तीन सेंटिमीटर."

"खाली काही लिहिलं नाहीस ना?"

"नाई मॅडम."

निकाल लागला, मुलगी पास. नुसती पास नाही, वर्गातल्या भल्याभल्यांच्या वर मार्क. तिचे वडील गोरसपाकचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा घेऊन आले आणि माझ्या पाया पडायला वाकले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान माणूस, मी त्यांना धरून उभं केलं. "मॅडम, तुमी पोरीची जिंदगी बनवली," ते म्हणाले. आमचे हे म्हणाले, "आता तरी हस." मी हसले. मला मनापासून आनंद झाला होता, तो मी नाकारणार नाही. तिला तिसरं वर्ष मिळालं, मशीन मिळालं. बी.ए. टळलं, सोयरिकी टळल्या. यापेक्षा शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

तिसऱ्या वर्षी मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. चार-पाच जणांचा गट, त्यांनी काही तरी स्वतः बनवायचं. रेणुकाच्या गटानं वर्कशॉपसाठी वजन उचलायचा स्टँड बनवायला घेतला होता. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं बंद पडलेलं मशीन पडून होतं, पाच क्विंटलचं धूड. ते उचलून बाजूला ठेवून दाखवायचं, असा बेत. लोखंडी चौकट, वर पुली, आणि खाली तारेनं टांगलेला हूक. सगळे उत्साहात होते. माझी निवृत्ती जवळ आली होती. रेणुका एका दुपारी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, गाईडसर सुट्टीवर हायेत. हिशेब एकदा बघून देता का? उद्या उचलाचं हाये."

मी चष्मा लावला. हिशेब देखणा होता. अक्षर मोत्यासारखं, सूत्र वर, आकडे खाली, एककं जिथल्या तिथं. टांगायची तार किती लांबेल? सात मिलिमीटर. त्याखाली दोन रेघा मारलेल्या. मी तारेची जाडी वाचली. तीन मिलिमीटर. साधी जी.आय. तार, कुंपणाला लावतो तशी, कारण वर्कशॉपमध्ये तीच शिल्लक होती. मी परत वाचलं. मग कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं भागाकार केला. दोन मिनिटांचं काम. साधं पोलाद जेवढं सोसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण येत होता. जास्तीची जाडी ठेवणं, सुरक्षेसाठी वाव ठेवणं, हे तर पुढचं. ही तार मशीन जमिनीवरून सुटायच्या आतच गेली असती. आणि गटातली पोरं दोन्ही बाजूंनी त्या मशीनला हात लावून उभी राहणार होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. "रेणुका," मी म्हटलं, "ही तार उद्या तुटेल."

तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हव मॅडम, तुटन," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुला माहीत होतं?"

"मले पहिल्याच दिवशी दिसलं. पन सरांनी लिवून देल्लं होतं ना, काय काय हिशेब करायचे थे. त्यात लांबी किती वाढते एवढंच होतं. तुटते का म्हून नोतं इचारलं."

"अगं, पोरं त्या मशीनला हात लावून उभी राहणार आहेत! तू बोलली का नाहीस?"

तिचा चेहरा शांत होता. भुवया कपाळावर आपापल्या जागी, नीट, दूर दूर. चांगल्या विद्यार्थिनीचा चेहरा होता तो. मला तो चेहरा बघवेना. मी टेबलावर हात आपटला. कपातला चहा सांडला. "लिही!" मी ओरडले. मी रोज ओरडायची, पण असं कधी ओरडले नव्हते. "आत्ता माझ्यासमोर लिही, तार तुटेल म्हणून! मोठ्या अक्षरात लिही! पहिल्या पानावर लिही!"

तिनं घाबरून पेन काढलं. कागद समोर ओढला. पेनचं टोक कागदावर टेकवलं आणि तिथंच थांबली. मग मान वर करून, अगदी हळू, तिनं मला विचारलं,

"मॅडम, मार्क तं नाई ना कटनार?"